धुळींतलीं चित्रें

गेल्या वैशाखांत घोडनदीस बहिणीच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. घोडनदी म्हणजेच शिरूर. सरकारी कागदांत हें दुसरें नांव चालतें, पण वयस्क माणसांच्या तोंडीं अजून पहिलेंच असतें. माझा भाचा दौंडास नोकरीला आहे व सुट्टीच्या दिवशीं गळ्यांत कॅमेरा अडकवून भीमेच्या अलीकडच्या व पलीकडच्या यात्रा, आखाडे आणि शाळांचीं मैदानें धुंडाळीत हिंडतो. हा छंद त्यानें धरल्यास अजून दोन वर्षें झालेलीं नाहींत. आपल्या असंख्य छायाचित्रांतून निवडून काढलेलीं चाळीस त्यानें कागदावर छापून एका जाड वहींत चिकटविलीं आहेत. ती वही माझ्यापुढें ठेवून तो म्हणाला, "मामा, तुम्ही पुस्तकांवर लिहितां. हिच्यावरही तसेंच लिहा, भाचा म्हणून सूट देऊं नका." ही विनंती त्यानें बहुधा नम्रतेच्या भरांत केली असावी; मीं ती अक्षरशः घेतली. पुढील लेख म्हणजे त्या वहीचें परीक्षण होय. एका नवशिक्याच्या वहीनें मासिकाचीं पानें अडवावींत काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास माझें उत्तर असें कीं, आज घरोघर प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे, शाळेच्या क्रीडामहोत्सवांत निम्मे आईबाप मुलाची धांव डोळ्यांनीं न पाहतां हातांतल्या पडद्यावर पाहत असतात, आणि तरीही अशा चित्रांत चांगलें काय व वाईट काय याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. पुस्तक वाचणारांहून चित्र काढणारे जर आतां अधिक झाले असतील, तर समीक्षकानें तिकडे पाठ फिरविणें बरें नव्हे.

प्रथम दोषांकडे वळतों, कारण तेच आधीं दिसतात. वहीचीं पहिलीं सहा पानें मला निरर्थक वाटलीं. त्यांवर ढाली आहेत, करंडक आहेत, फेटे बांधलेले पाहुणे आहेत, आणि एका ओळींत उभे राहून कॅमेऱ्याकडे पाहणारे विजयी संघ आहेत. यांत खेळ कोठें आहे? हीं चित्रें लग्नांतल्या चित्रांसारखीं आहेत. नवरदेवाच्या जागीं कर्णधार उभा केला, एवढाच फरक. आमच्या तालुक्याच्या चौकाचौकांतून जे फलक लागतात त्यांवर अशींच चित्रें मोठीं करून लावलेलीं असतात, आणि नवशिक्यास वाटतें कीं खेळाचें चित्र म्हणजे हेंच. भाच्यानें याचें समर्थन केलें कीं लोक हींच मागतात. लोक मागतात तें द्यावें, त्याबद्दल माझी तक्रार नाहीं. परंतु जें मागितलें म्हणून दिलें तें निवडक चाळिसांत ठेवण्याचें कारण काय?

यापुढचीं चार चित्रें एका सभागृहांतल्या कबड्डीचीं आहेत. येथें निदान खेळ चालू आहे. पण चढाई करणारा गडी आपल्याकडे पाठ करून उभा आहे, आणि जें कांहीं घडत आहे तें त्याच्या पलीकडे. भाचा मध्यरेषेमागें, चढाईवाल्याच्याच बाजूस बसला होता, कारण तेथें खुर्ची मिळाली. कबड्डीचें मैदान पुरुषांच्या खेळांत 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असतें आणि एक चढाई 30 सेकंदांत संपते. या अर्ध्या मिनिटांत चढाईवाल्याचें तोंड समोरच्या संघाकडे असतें. त्याचा श्वास, त्याची नजर, पुढें टाकलेला पाय हें सर्व बचाव करणारांच्या मागच्या रेषेवरून दिसतें, दुसरीकडून दिसत नाहीं. ज्यानें लहानपणीं हुतूतू खेळला आहे त्यास हें सांगावें लागूं नये. भाचा खेळला आहे. पण कॅमेरा हातीं येतांच तो खेळाडूचा प्रेक्षक झाला, आणि प्रेक्षक जेथें जागा मिळेल तेथें बसतो.

जागेचें महत्त्व पटविण्यास मीं त्याला एक परदेशी उदाहरण सांगितलें. 25 मे 1965 रोजीं अमेरिकेंतील लुइस्टन गांवीं मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. पहिल्याच फेरींत लिस्टन कोसळला, आणि त्याच्या अंगावर ओणवा होऊन अली ओरडूं लागला. तो क्षण नील लायफर या तरुण छायाचित्रकारानें टिपला, व तें चित्र जगभर गाजलें. त्या चित्रांत अलीच्या दोन पायांमधून पलीकडच्या बाजूचा एक छायाचित्रकार दिसतो. तो हर्ब शार्फमन. त्याच नियतकालिकाचा, वयानें व अनुभवानें मोठा. त्याच्याही हातीं कॅमेरा होता, तोच क्षण होता, पण त्याच्या वांट्यास अलीची पाठ आली. यांत दैवाचा भाग आहे हें कबूल. तथापि सभागृहांतल्या कबड्डींत कोणती बाजू तोंडाची व कोणती पाठीची हें आधींच ठाऊक असतें. तेथें दैवास बोल लावतां येत नाहीं.

याच कबड्डीच्या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. लागोपाठ घेतलेल्या तीन चित्रांपैकीं एक पिवळट, एक हिरवट आणि एक बरेंच काळवंडलेलें आहे. भाचा कॅमेऱ्याला दोष देत होता. दोष कॅमेऱ्याचा नाहीं. आपल्याकडची वीज सेकंदास 50 आवर्तनांची असते, म्हणून जुन्या पद्धतीचे कित्येक दिवे सेकंदांत 100 वेळां मंद व तेजस्वी होतात. डोळ्यास हें कळत नाहीं. पण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतें उघडणारें शटर त्या लाटेचा कधीं माथा पकडतें, कधीं पायथा. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकें उघडें ठेवलें तर एक लाट पुरी आंत येते व रंग स्थिर राहतो; पण मग धांवता हात पुसट होतो. अलीकडचे कांहीं कॅमेरे ही लाट ओळखून योग्य क्षणाची वाट पाहतात. भाच्याचा त्यांपैकीं नाहीं. नवशिक्यानें अशा वेळीं सभागृहाचा मोह सोडून उघड्या मैदानावर जावें हें बरें. सूर्य शंभर वेळां मिचकावत नाहीं.

उघड्या मैदानावर आल्याबरोबर वहीचा सूर पालटतो. मुलींच्या खो-खोचीं सहा चित्रें आहेत, आणि त्यांतील तीन खरोखर चांगलीं आहेत. खो-खो हा आपला घरचा खेळ. 1914 सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें त्याचे नियम बांधले, आणि 2025 च्या जानेवारींत दिल्लीस त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तींत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी ठरले. चित्रकाराच्या दृष्टीनें या खेळाचा मोठा गुण असा कीं तो नियमांनीं घट्ट बांधलेला आहे. आठजणी आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसलेल्या, नववी पाठलाग करणारी. परंपरागत नियमांप्रमाणें तिनें एकदां जी दिशा धरली ती खांबापर्यंत सोडावयाची नाहीं, आणि मधली पट्टी ओलांडावयाची नाहीं. अर्थात् पळणारी खांबाला वळसा घालणार आणि पाठलाग करणारी खांबाशीं झेंप घेणार, हें जवळजवळ ठरलेलेंच. भाचा खांबापासून दहाबारा पावलांवर, जमिनीसरसा पालथा पडून राहिला; कॅमेऱ्याचें केंद्र त्यानें आधींच खांबावर साधून ठेवलें, आणि खेळ आपण होऊन त्याच्याकडे आला. तिसऱ्या चित्रांत एक मुलगी डाव्या हातानें खांब धरून सबंध अंग हवेंत झोंकून देत आहे, उजव्या हाताचीं बोटें पुढच्या मुलीच्या पाठीपासून वीतभर अंतरावर आहेत, आणि त्या वीतभर जागेंत, पार दूर, रांगेंत बसलेल्या एका लहान मुलीचें उघडें तोंड दिसतें. पाठीवर हात पडला कीं नाहीं हें चित्र सांगत नाहीं. म्हणूनच तें पुन्हां पुन्हां पाहावेंसें वाटतें.

या चित्राबद्दल एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खेळणाऱ्या मुलींचीं चित्रें काढणारांत असे कांहीं असतात कीं ज्यांची नजर खेळावर नसते, आणि मैदानावरील मुलींना व त्यांच्या बाईंना तें तत्काळ कळतें. भाच्यानें आधीं शाळेच्या बाईंस विचारलें, पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवींतच ठेवून नुसता खेळ पाहिला, आणि चित्रें छापल्यावर पहिला संच मुलींकडे पाठविला. त्यांनीं दोन चित्रें नकोत म्हणून सांगितलें. तीं त्यानें काढून टाकलीं. हें तंत्राच्या पुस्तकांत सांपडत नाहीं, परंतु त्या तीन चित्रांतली मोकळीक त्यामुळेंच आली आहे असें माझें मत आहे. कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे याची जाणीव असलेलें माणूस असें अंग झोंकून देत नाहीं.

आतां वहीचा सर्वांत मोठा भाग, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती. शिरूर, आंबेगांव, खेड, जुन्नर या पट्ट्यांत चैत्र-वैशाखांतील यात्रा या शर्यतींवांचून पुरी होत नाहीं. 7 मे 2014 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जलिकट्टूबरोबर यांवरही बंदी घातली. 2017 सालीं महाराष्ट्रानें कायदा दुरुस्त केला तरी उच्च न्यायालयांत तो अडला. 16 डिसेंबर 2021 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजीं घटनापीठानें तो कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळांत जीं मुलें मोठीं झालीं त्यांना घाट म्हणजे काय हें फक्त वडिलांच्या बोलण्यांतून ठाऊक होतें. भाचा त्या मुलांपैकींच एक. त्यामुळें या चित्रांत नवलाईचा भाग फार आहे, आणि नवलाई ही चांगल्या चित्रास जितकी उपकारक तितकीच घातक.

ज्यांनीं घाट पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. घाट म्हणजे चढती मोकळी धांवपट्टी. दोन्ही अंगांस माणसांची भिंत. पुढें घोडी, मागें बैलांच्या जोड्या, त्यांच्यामागें हलका गाडा. एका वेळीं एकच गाडा पळतो. त्या धांवेस बारी म्हणतात, आणि निकाल घड्याळावर, सेकंदांच्या अंशांत लागतो. येथेंच चित्रकाराची खरी अडचण आहे, आणि भाच्याच्या ध्यानांत ती आलेली नाहीं. इतर शर्यतींत प्रतिस्पर्धी चित्रांत असतो. दोन धांवणाऱ्यांमधील अंतर हेंच चित्राचें नाट्य. घाटांत प्रतिस्पर्धी दिसतच नाहीं. तो म्हणजे अर्ध्या तासापूर्वीं पळून गेलेला दुसरा गाडा, अथवा केवळ काळ. मग तो दाखवावा कसा? नुसता गाडा काढला तर तो पळतो आहे एवढें कळतें, जिंकतो आहे कीं हरतो आहे हें कळत नाहीं. भाच्याच्या चौदा चित्रांपैकीं अकरांत हेंच झालें आहे. सर्वांत बैल आहेत, भंडारा आहे, धूळ आहे. आणि सर्व एकसारखीं आहेत. बाराव्यांत मात्र त्यानें, बहुधा चुकून, गाडा कोपऱ्यांत ढकलला आहे व मध्यभागीं घड्याळावर वांकलेला माणूस आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारीं पांच डोकीं आहेत. एकाचेंही लक्ष बैलांकडे नाहीं. शर्यत त्या चित्रांत आहे.

या अकरा चित्रांचा दुसरा दोष तंत्राचा आहे, व तो समजावून घेण्यासारखा आहे. नवशिक्यास सर्वत्र एकच उपदेश मिळतो कीं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा. समजा बैल सेकंदास 10 मीटर पळत आहेत. हजाराव्या भागांत ते 1 सेंटिमीटर सरकतील. चित्रांत 10 मीटरांची रुंदी आली असून तें 20 सेंटिमीटर रुंद छापलें, तर ती सरक कागदावर एक मिलिमीटराचा पांचवा भाग भरेल. म्हणजे सर्व कांहीं स्वच्छ. परिणाम असा कीं भाच्याचे बैल मातीच्या बैलांसारखे थिजून उभे आहेत, चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा! तेंच शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेवलें तर बैल 17 सेंटिमीटर सरकतो व कागदावर सुमारें सव्वातीन मिलिमीटरांचा फराटा उमटतो; परंतु कॅमेरा बैलाबरोबर त्याच्याच वेगानें फिरवला तर बैलाचें धड स्थिर राहतें आणि माणसांची भिंत वाहूं लागते. आणि या दोहोंच्या मध्यें, अडीचशेंवा भाग धरून कॅमेरा स्थिर ठेवला, तर जमिनीवर टेकलेला खूर ठसठशीत येतो व हवेंतला पाय पुसट, कारण टेकलेला खूर त्या क्षणीं खरोखरच थांबलेला असतो. हे तिन्ही प्रकार खरे आहेत. कोणत्या वेळीं कोणतें खरें सांगावयाचें, हें ठरविणें ही कला. हजारावा भाग ही केवळ एक सोय.

हा वाद नवा नाहीं. 1878 सालीं कॅलिफोर्नियांत एडवर्ड मायब्रिज यानें धांवपट्टीच्या कडेस बारा कॅमेरे ओळीनें मांडून, त्यांचे दोरे घोडीच्या पायांनीं तुटतील अशी योजना करून, धांवत्या घोडीचीं लागोपाठ चित्रें घेतलीं. चारी पाय एकाच वेळीं जमिनीवरून सुटतात हें त्यानें सिद्ध झालें. मात्र ते चित्रकार दाखवीत तसे पुढेंमागें ताणलेले नसून पोटाखालीं गोळा झालेले असतात, असें दिसून आलें. झेरिकोनें 1821 सालीं रंगविलेले डर्बीचे घोडे या हिशेबानें खोटे ठरले. पण त्यानंतर रोदँ या शिल्पकारानें उलट बाजू घेतली: काळ कधीं थांबत नाहीं, म्हणून थांबलेला काळ दाखविणारें छायाचित्रच खोटें आणि झेरिकोच खरा, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मला स्वतःला रोदँचें म्हणणें अर्धेंच पटतें. छायाचित्र खोटें बोलत नाहीं. तें फार थोडें बोलतें. शहाणा छायाचित्रकार त्या थोड्यांतच पुढचा व मागचा क्षण सुचवितो. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं 1912 च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली व तीं चित्रें जोडून अंकुर हलतांना दाखविला. त्यांच्याजवळ घाई करणारें यंत्र नव्हतें. पुढचें चित्र केव्हां घ्यावयाचें याचा विचार होता. आजचा कॅमेरा सेकंदांत वीस चित्रें घेतो, आणि भाचा बोट दाबून धरतो. एका बारीचीं दोनशें चित्रें! रात्रीं त्यांतून एक निवडावयाचें. पण ज्यानें पाहतांना निवडलें नाहीं त्यास रात्रीं काय निवडावें हें कसें कळावें? मीं त्याला एक दिवस, एका यात्रेंत, केवळ छत्तीस चित्रें घेण्याची पैज घातली. जुन्या फिल्मच्या रिळांत तेवढींच असत. त्या दिवसाचीं दोन चित्रें पुढें वहींत आलीं आहेत, आणि तीं बाकीच्यांहून सरस आहेत हें त्याच्या आईनेंही कबूल केलें.

या भागांत एका पानावर चित्र नाहीं. डिंकाचा चौकोन आहे, कागदाचे कांहीं तंतू चिकटून राहिले आहेत, आणि मधली जागा रिकामी. प्रथम मला वाटलें चित्र गळून पडलें असावें. विचारलें तेव्हां भाचा थोडा वेळ बोललाच नाहीं. मग त्यानें सांगितलें कीं तें बारी सुटण्याच्या क्षणाचें चित्र होतें, आणि त्यांत एका माणसाच्या मुठींत बैलाचें शेंपूट पिरगळलेलें स्पष्ट दिसत होतें. शर्यतींस जी परवानगी आहे ती बैलांस मारणें, टोचणें, इजा करणें यांच्या मनाईसकट आहे. बैलमालकाच्या मुलानें तें चित्र पाहिलें. तो भाच्याच्या ओळखीचा; त्यानेंच त्याला घाटाच्या तोंडाशीं उभें राहण्यास जागा करून दिली होती. त्यानें कांहीं दमदाटी केली नाहीं. फक्त म्हणाला, "दादा, एवढं एक काढून टाका. वर्षभर पोरावानी सांभाळतो आम्ही त्याला." भाच्यानें चित्र फाडून काढलें, आणि यंत्रांतूनही पुसून टाकलें.

समीक्षक या नात्यानें मला येथें बोलणें भाग आहे. पुसून टाकण्याचा हा निर्णय माझ्या मतें या वहीचा सर्वांत मोठा दोष होय, थिजलेल्या बैलांहूनही मोठा. खो-खोच्या मुलींनीं दोन चित्रें नको म्हटलीं तेव्हां तीं काढणें योग्य होतें, कारण तीं त्यांचीं स्वतःचीं होतीं. येथें ज्याचें शेंपूट पिरगळलें त्यास विचारतां येत नाहीं. उरलेलीं तेरा चित्रें बैलाचा वेग, बैलाचा रुबाब, बैलावर उधळलेला भंडारा दाखवितात. तीं सर्व खरीं आहेत, पण त्या एका चित्राच्या अभावीं तीं मिळून जें सांगतात तें पूर्ण खरें नाहीं. असें मीं त्याला सांगितलें. तो म्हणाला, "मामा, तें ठेवलें असतें तर एवढेंच एक चित्र लोकांनीं पाहिलें असतें. बाकी तेरा कोणी पाहिलींच नसतीं. आणि मला पुढल्या वर्षीं त्याच घाटावर उभें राहावयाचें आहे." वर्षभर पोरासारखें सांभाळणें खोटें नव्हे, हेंही तो म्हणाला, त्या गोठ्यांत तो जाऊन आला आहे. यावर मीं पुष्कळ बोललों, पण त्याचें पहिलें वाक्य मला खोडतां आलें नाहीं. एखादें चित्र इतरांस गिळून टाकतें हें मीही पाहिलें आहे. तरी माझें मत बदललेलें नाहीं. तें चित्र लोकांपुढें ठेवणें न ठेवणें हा प्रश्न वेगळा. यंत्रांतून पुसण्याचें कारण नव्हतें.

शेवटचीं दहा चित्रें दौंड तालुक्यांतील एका यात्रेच्या कुस्त्यांचीं आहेत. येथें भाचा एकदम मोठा झाला आहे. का, तें मला नीट सांगतां येत नाहीं. कदाचित् तो स्वतः दोन वर्षें तालमींत गेला होता म्हणून असेल. तांबड्या मातीचा हौदा, तींत ताक, तेल, हळद मिसळलेली, हलगीचा कडकडाट, आणि गर्दी इतकी कीं उभें राहून कांहीं दिसूं नये. त्यानें हौद्याच्या कडेस मांडी ठोकली आणि भिंग गड्यांच्या कमरेच्या उंचीवर आणलें. अशा जागेवरून मागचा मंडप, विजेचे खांब, पाहुण्यांच्या खुर्च्या हें सर्व गड्यांच्या अंगाआड जातें व वर केवळ आकाश राहतें. संध्याकाळचें ऊन समोरून येत होतें. सामान्यतः नवशिक्यास सूर्य पाठीशीं ठेवण्यास सांगतात, पण येथें समोरच्या उन्हानें मातीचा कण न् कण पेटला आहे आणि घामानें अंगाची कड लखलखते आहे. चेहरे काळोखांत गेले आहेत, ही किंमत. पहिल्या पांच चित्रांत ती परवडली आहे. सातव्यांत परवडली नाहीं, कारण तेथें सर्व कांहीं चेहऱ्यांतच होतें.

नववें चित्र या वहीचें सार्थक करतें. कुस्ती निकालांत निघाली आहे. जिंकलेला गडी चित्रांत नाहीं; त्याचा केवळ एक पाय, टांच उचललेला, डाव्या कडेस दिसतो. लोकांनीं त्यास खांद्यावर घेतलें असावें, कारण सर्व गर्दी डावीकडे झुकली आहे. मध्यें हरलेला गडी मातींत बसला आहे, तिशीचा, कान मोडलेले, पाठीवर तांबड्या मातीचा सबंध ठसा. तो उठण्यासाठीं हात टेकतो आहे, आणि त्याच वेळीं दुसऱ्या हातानें मूठभर माती उचलून कपाळास लावतो आहे. आपल्या साहित्यशास्त्रानें स्तंभ, स्वेद, रोमांच, वेपथु इत्यादि आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. ते मनाच्या तळांतून आपोआप उमटतात, नटानें ते वरवर आणावे म्हटल्यास तें सर्वांत कठीण असतें. खेळाच्या छायाचित्राचें खरें क्षेत्र हेंच असें मला वाटतें. ढाल हातीं घेऊन उभा राहिलेला गडी अभिनय करीत असतो. मातींत बसलेल्या गड्यास अभिनय करण्यास उसंत नसते. पण या चित्रांत त्याहून एक पाऊल पुढें कांहीं आहे. अंग हरलेलें आहे, श्वास तुटलेला आहे, आणि हाताला मात्र आपली रीत आठवते आहे. वीररस म्हणावा तर हा पराभूत. करुण म्हणावा तर त्यास कींव नको आहे. जिंकलेल्याकडे सगळे कॅमेरे वळले असतां भाचा वळला नाहीं, एवढ्यानेंच हें साधलें.

चित्रांत उणें नाहीं असें नाहीं. उजव्या कोपऱ्यांत कोणाचा तरी हात मोबाइल धरून आला आहे आणि त्याच्या उजळ पडद्यानें नजर ओढली जाते. भाचा तो कोपरा कापावयास निघाला होता. मीं कापूं नको म्हटलें. बहीण म्हणाली कापावा. त्या पडद्यावर बारकाईनें पाहिलें तर जिंकलेला गडी दिसतो, म्हणून तो असूं द्यावा, असें माझें म्हणणें. तिचें म्हणणें असें कीं एवढ्या बारकाईनें पाहणारा माझ्याखेरीज कोणी नाहीं. हा वाद जेवणें झालीं तरी मिटला नाहीं.

एका बाबतींत मात्र मीं त्याला चांगलेंच फैलावर घेतलें. चाळीस चित्रांपैकीं केवळ सातांखालीं गांव व तारीख लिहिली होती. गड्यांचीं व मुलींचीं नांवें तर कोठेंच नव्हतीं. वीस वर्षांनीं ही वही उघडणारास हा घाट कोणता, ही मुलगी कोण, हें कसें कळावें? त्या रात्रीं आम्ही दोघे वही घेऊन बसलों. तो आठवून सांगत गेला. जेथें आठवेना तेथें मोबाइलवरून कोणा मित्रास विचारून लिहिलें. हरलेल्या गड्याचें नांव त्यास पाठ होतें, त्याच्या तालमीचेंही. चित्राची एक प्रत त्यानें मागून नेली होती. रिकाम्या पानाशीं आल्यावर तो थांबला. मग त्यानें डिंकाच्या चौकोनाखालीं गांव लिहिलें, तारीख लिहिली, आणि पान उलटलें.